लोकवर्गणीचें भांडवल आणि छोटा धंदेवाला

महाराष्ट्रांतील कोणत्याहि शहरांत भाद्रपद महिना जवळ आला, म्हणजे पावतीपुस्तक घेऊन फिरणारीं मुलें दुकानोदुकानीं दिसूं लागतात. दुकानदार थोडी घासाघीस करतो, परंतु शेवटीं वर्गणी देतो. देवळाचा जीर्णोद्धार असो, वाचनालयाची इमारत असो, किंवा पूरग्रस्तांना मदत असो. पुष्कळांनीं थोडेंथोडें द्यावें आणि त्यांतून मोठें काम उभें राहावें, ही रीत येथील समाजाच्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु ह्याच दुकानदाराला स्वतःच्या धंद्यासाठीं दोन लाख रुपये हवे झाले, तर तो काय करतो? प्रथम घरांतील दागिन्यांकडे पाहतो, मग मेहुण्यापाशीं शब्द टाकतो, मग भिशी उचलतो, नंतर बँकेच्या पायऱ्या झिजवतो, आणि अगदींच निरुपाय झाला म्हणजे सावकाराचें दार ठोठावतो. आपल्या शेंकडों गिऱ्हाइकांना "धंदा वाढवावयाचा आहे, प्रत्येकानें थोडा हातभार लावा" असें मात्र तो म्हणत नाहीं. वर्गणी देतांना सैल असणारा हात ती मागतांना कां आखडतो, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं.

अनेकांकडून अल्प रकमा गोळा करून भांडवल उभें करण्याच्या ह्या पद्धतीला हल्लीं 'क्राउडफंडिंग' असें नांव मिळालें आहे. नांव नवें असलें तरी कल्पना जुनी आहे. १८८५ सालीं न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठीं पैसा अपुरा पडला, तेव्हां जोसेफ पुलित्झर यांनीं आपल्या 'वर्ल्ड' पत्रांतून लोकांना आवाहन केलें. देणगी कितीहि लहान असली तरी देणाराचें नांव पत्रांत छापलें जाई. एक लाखाहून अधिक लोकांनीं मिळून एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम थोड्याच महिन्यांत जमविली.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर पैसाफंडाचें उदाहरण ह्याहून जवळचें आहे. माणशी एक पैसा जमवून देशी उद्योग उभारावे, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांनीं मांडली. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें. आणि त्या पैशापैशाच्या निधींतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. परदेशीं जाऊन काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथील कामाची उभारणी केली, आणि तेथें तयार झालेले कारागीर पुढें देशांतील इतर काचकारखान्यांत कामास लागले. त्याच सुमारास, १९०६ सालीं, दक्षिणेंत तुतिकोरीन येथें व्ही. ओ. चिदंबरम् पिल्ले यांनीं २५ रुपयांचा एक असे भाग विकून देशी जहाजकंपनी काढली. इंग्रज कंपनीनें भाडें पाडून तिच्याशीं सामना मांडला. १९०८ सालीं पिल्ले तुरुंगांत गेले. आणि १९११ सालीं कंपनी मोडीत निघाली. अलीकडील काळांतलें उदाहरण श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' ह्या १९७६ सालच्या चित्रपटाचें. गुजरातेंतील दूध सहकारी संस्थांच्या पांच लाख शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले, व त्या दहा लाखांतून हा चित्रपट तयार झाला.

ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पैसा देणारास आपण कोणा एका व्यापाऱ्याला श्रीमंत करीत आहोंत असें वाटत नव्हतें. कोठें राष्ट्र, कोठें स्वदेशी, कोठें स्वतःचीच सहकारी चळवळ, असें एक मोठें नांव त्या वर्गणीच्या पाठीशीं उभें होतें. पिठाची गिरणी, शिवणकामाचें दुकान किंवा लोणच्या-मसाल्याचा घरगुती कारखाना ह्यांच्या पाठीशीं असें नांव नसतें. मालकाला हें पक्कें ठाऊक असतें, आणि त्याच्या संकोचाचें पहिलें कारण हेंच आहे. सार्वजनिक कामासाठीं मागणें ह्याला तो सेवा समजतो. स्वतःच्या धंद्यासाठीं मागणें त्याला याचना वाटते.

ही समजूत कितपत बरोबर आहे हें पाहावयाचें, तर क्राउडफंडिंगचे चार प्रकार वेगळे करून पाहिले पाहिजेत. कारण ते एकमेकांत मिसळल्यामुळेंच पुष्कळसा घोटाळा होतो. पहिला प्रकार दानाचा. त्यांत परतफेडीची अपेक्षा नसते. आजारपण, शिक्षण, नैसर्गिक आपत्ति ह्यांसाठीं 'मिलाप', 'केटो' इत्यादि संस्थांच्या द्वारें हा प्रकार भारतांत चांगलाच रुजला आहे. दुसरा प्रकार मोबदल्याचा, म्हणजे वस्तुतः आगाऊ विक्रीचा. माल तयार होण्यापूर्वींच गिऱ्हाईक पैसे भरतें, व माल तयार झाल्यावर तो त्याला घरपोंच मिळतो. अमेरिकेंत २००८ सालीं निघालेली 'इंडिगोगो' व २००९ सालीं निघालेली 'किकस्टार्टर' ह्या संस्था ह्याच प्रकारामुळें प्रसिद्धीस आल्या. तिसरा प्रकार कर्जाचा: अनेकांनीं थोडीथोडी रक्कम व्याजानें द्यावी. चौथा भागभांडवलाचा: पैसे देणारा धंद्याच्या मालकींत वाटेकरी होतो. पहिल्या प्रकाराला याचना म्हणतां येईल. परंतु उरलेल्या तिहींत मागणारा कांहींतरी देऊं करीत असतो, आणि तो व्यवहार आहे, भिक्षा नव्हे.

आतां भारतांत ह्या चार दारांपैकीं कोणतें कितपत उघडें आहे? चौथें छोट्या धंदेवाल्याला जवळजवळ बंदच आहे. २०१४ च्या जूनमध्यें 'सेबी' ह्या रोखेबाजाराच्या नियामक मंडळानें ह्या विषयावर एक विचारपत्र प्रसिद्ध केलें. एका कंपनीनें बारा महिन्यांत १० कोटि रुपयांपर्यंत रक्कम अशा रीतीनें उभारावी, सामान्य गुंतवणूकदारानें एका वेळीं ६०,००० रुपयांहून अधिक घालूं नयेत, अशा सूचना त्यांत होत्या. परंतु त्यांचे नियम झाले नाहींत. उलट २०१६ च्या ऑगस्टमध्यें सेबीनें अशा अनधिकृत संकेतस्थळांपासून लोकांना सावध केलें. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें खाजगी रीतीनें भाग देऊं करावयाचे, ते सामान्यतः एका वर्षांत २०० हून अधिक लोकांना देतां येत नाहींत. त्यांतहि मूळ अडचण निराळीच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणें देशांत लहान उद्योगांची संख्या ६ कोटि ३३ लाखांच्या घरांत होती, आणि त्यांतील शंभरांपैकीं सुमारें ९६ एकट्या मालकाचे होते. ज्या धंद्याला कंपनीचें रूपच नाहीं, तो भाग विकणार कशाचे?

तिसरें दार अर्धें उघडें आहे. रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०१७ मध्यें 'पीअर टू पीअर' कर्जव्यवहाराचे नियम केले. सावकार व ऋणको ह्यांची गांठ घालून देणाऱ्या संस्थेनें नोंदणी केली पाहिजे, तिनें स्वतः कर्ज देतां कामा नये, व परतफेडीची हमीहि घेतां कामा नये. एका ऋणकोला अशा सर्व संस्थांकडून मिळून १० लाख रुपयांपर्यंतच कर्ज घेतां येतें. एका सावकारानें एकाच ऋणकोला ५०,००० रुपयांहून अधिक देऊं नयेत. व मुदत ३६ महिन्यांहून अधिक असूं नये. ऑगस्ट २०२४ मध्यें हे नियम आणखी कडक झाले, आणि बुडालेल्या कर्जाचा सर्व तोटा पैसे देणारानेंच सोसावयाचा आहे, हें स्पष्ट करण्यांत आलें. दुसरें दार, म्हणजे खऱ्याखुऱ्या आगाऊ विक्रीचें, मात्र व्यापाराच्या नेहमींच्या रीतींतलेंच असल्यामुळें मोकळें आहे.

येथें एका धोक्याकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. एकादा सरळ मनाचा दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकांना म्हणतो, "माझ्याकडे पन्नास हजार ठेवा, दरमहा इतके टक्के देईन." हा प्रकार क्राउडफंडिंग नव्हे, ही ठेव होय. अनियंत्रित ठेवयोजनांना २०१९ च्या कायद्यानें बंदी घातली आहे. आप्तांकडून घेतलेलें कर्ज किंवा मालापोटीं घेतलेली आगाऊ रक्कम हीं निराळीं मानलीं जातात. परंतु परक्या लोकांकडून व्याजाच्या आशेवर ठेवी गोळा करणारास शिक्षा होऊं शकते. हेतु चांगला होता, ही सबब तेथें उपयोगीं पडत नाहीं.

कायद्याचें झालें, आतां मनाचें. धंदेवाला भांडवलाच्या शोधांत एका ठराविक क्रमानें जातो, हें अर्थशास्त्रज्ञांनाहि मान्य आहे. स्टुअर्ट मायर्स व निकोलस मज्लुफ यांनीं १९८४ सालीं ह्या क्रमाची उपपत्ति मांडली. मालक प्रथम स्वतःची शिल्लक वापरतो, ती संपल्यावर कर्ज काढतो, आणि परक्याला वाटेकरी करून घेणें हा उपाय अगदीं शेवटीं योजतो. ह्याचें कारण असें कीं, धंद्याची खरी स्थिति मालकाला ठाऊक असते, परक्याला नसते. म्हणून परका माणूस धंद्याची किंमत कमी धरतो, आणि मालकाला तो सौदा महाग पडतो. मोठ्या कंपन्यांसाठीं मांडलेला हा विचार छोट्या दुकानालाहि लागू पडतो. फरक इतकाच कीं, येथें 'स्वतःची शिल्लक' ह्या शब्दांत बायकोचे दागिने आणि भावाची पुंजी हींहि येतात.

परंतु छोट्या धंदेवाल्याच्या अनिच्छेचें सर्वांत खोल कारण बाजारांतील पत हें आहे. त्याचा अर्धा धंदा उधारीवर चाललेला असतो. घाऊक व्यापारी महिना-दोन महिने थांबतो. कां, तर हा माणूस पैसे बुडविणार नाहीं अशी त्याची खात्री असते. आतां ह्या माणसानें चारचौघांत "भांडवल हवें आहे" असें जाहीर केलें, तर घाऊक व्यापारी काय समजेल? धंदा वाढतो आहे असें समजणारा विरळा; धंदा अडचणींत आला असें समजणारे फार. मग पूर्वींची उधारी तो तगादा लावून वसूल करूं लागतो, नवीन माल रोखीनें देऊं म्हणतो, आणि जी अडचण नव्हती ती त्या जाहिरातीमुळेंच उभी राहते. बँकेनें अर्ज नाकारला तर ती गोष्ट बँकेचा अधिकारी व अर्जदार ह्यांच्यांत राहते. लोकांनीं नाकारलें तर अर्धवट भरलेला आंकडा सगळ्या गांवाला दिसतो. अब्रूला जपणाऱ्या माणसाची ही भीति हंसण्यावारीं नेण्याजोगी नाहीं.

दुसरें कारण गुप्ततेचें. लोकांचा विश्वास मिळवावयाचा तर त्यांना धंद्याची माहिती दिली पाहिजे: विक्री किती, नफा किती, नवा माल कोणता, तो कसा होणार. हीच माहिती शेजारचा स्पर्धकहि वाचतो. ज्याच्यापाशीं एकस्व हक्क घेण्याइतका पैसा नाहीं, त्याच्या कल्पनेची नक्कल त्याचा माल बाजारांत येण्यापूर्वींच निघूं शकते. तिसरें कारण श्रमांचें. एका बँकेला एकदां कागद दिले कीं झालें. परंतु पांचशे लोकांना पांचशे वेळां उत्तरें द्यावीं लागतात, आणि माल पोंचण्यास उशीर झाला कीं पांचशे तक्रारी येतात. चौथें कारण निव्वळ अपरिचयाचें. ही पद्धत कशी चालते, पैसे कोणाच्या ताब्यांत राहतात, मधली संस्था पळून गेली तर काय, हें ज्याला ठाऊक नाहीं तो तिच्या वाटेस जात नाहीं. २०१६ सालीं 'यूपीआय' आल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सर्वजण दूरध्वनीवरून पैसे घेऊं लागले आहेत. पैसे पाठविण्याची यांत्रिक अडचण त्यामुळें उरली नाहीं. अडचण विश्वासाची आहे, यंत्राची नाहीं. शिवाय २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेसारखीं विनातारण कर्जें मिळूं लागल्यामुळें नव्या वाटेनें जाण्याची निकडहि पुष्कळांना वाटत नाहीं.

ह्या भीतींना आधार किती? ईथन मोलिक यांनीं किकस्टार्टरवरील सुमारें ४८,५०० प्रकल्पांचा अभ्यास करून २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते ह्या दृष्टीनें बोधप्रद आहेत. ज्याचा ओळखीपाळखीचा गोतावळा मोठा व ज्याच्या मांडणींत तयारी दिसते, त्याला यश येण्याचा संभव अधिक. यशस्वी होणारे बहुधा ठरलेल्या रकमेच्या किंचित् पुढें जातात. अपयशी होणारे मात्र फारच मागें राहतात. म्हणजे अनोळखी जनसमुदाय आपण होऊन धांवत येतो ही समजूत खरी नव्हे. प्रथम ओळखीचे येतात, आणि त्यांना पाहून अनोळखी येतात. वचन दिलेला माल देण्याचा बहुतेकांनीं प्रामाणिक प्रयत्न केला. परंतु शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिकांना तो ठरल्या वेळीं देतां आला नाहीं. मोलिक यांच्याच पुढील पाहणींत शंभरांतील सुमारें नऊ प्रकल्पांनीं कबूल केलेली वस्तु दिलीच नाहीं असें आढळलें. फसवणुकीची भीति अतिरेकी आहे; उशिराची भीति मात्र पूर्णपणें साधार आहे.

यशाचेंहि ओझें असतें. २०१२ सालीं 'पेबल' नांवाच्या मनगटी घड्याळासाठीं एक लाख डॉलर मागितले असतां एक कोटि डॉलरांहून अधिक रक्कम जमली. तरीहि २०१६ च्या डिसेंबरांत ती कंपनी बंद झाली. मागणी आहे हें सिद्ध झाल्यानें धंदा टिकेल हें सिद्ध होत नाहीं. त्याच सालीं 'ऑक्युलस' ह्या दृष्टियंत्रासाठीं लोकांनीं सुमारें २४ लाख डॉलर दिले. दोन वर्षांनीं फेसबुकनें ती कंपनी दोनशे कोटि डॉलरांस घेण्याचा करार केला. आणि प्रथम पैसे देणाऱ्यांना त्यांतील एक छदामहि मिळाला नाहीं. त्यांनीं वस्तु विकत घेतली होती, भाग नव्हे. कायद्यानें त्यांत गैर कांहीं नव्हतें. परंतु अनेकांच्या मनांत कटुता राहिली.

छोट्या धंदेवाल्यानें आणखी एका हिशेबाकडे लक्ष दिलें पाहिजे, कारण बहुतेकांची फसगत तेथेंच होते. समजा, घरगुती मसाल्याचा धंदा करणाऱ्या एका बाईंना अडीच लाखांचें दळणयंत्र घ्यावयाचें आहे. पांचशे रुपयांचा एक, असे मसाल्याचे पांचशे डबे आगाऊ विकले, तर अडीच लाख जमतात, आणि काम झालें असें वाटतें. परंतु एका डब्याच्या मालाला ३०० रुपये, पाठवणावळीला ६०, आणि मधल्या संस्थेच्या व पैसे वळते करण्याच्या आकाराला ४० रुपये लागले, तर हातीं उरतात फक्त १००. पांचशे डब्यांचे होतात ५०,०००. यंत्राची सर्व किंमत ह्या वाटेनें काढावयाची, तर अडीच हजार डबे आगाऊ विकले पाहिजेत. अडीच लाख जमल्याबरोबर ज्या बाई यंत्र घेऊन मोकळ्या होतील, त्यांना मिरची-धने घेण्यासाठीं पुन्हा कर्ज काढावें लागेल, आणि पांचशे घरांना दिलेला शब्द मोडण्याची पाळी येईल. जमलेला पैसा हें भांडवल नव्हे. तें मालाच्या रूपानें फेडावयाचें ऋण आहे.

मग ह्या पद्धतीचा उपयोग काय? उपयोग आहे, परंतु तो योग्य ठिकाणीं. येवल्याचा एकादा विणकर घ्या. रेशीम व जर ह्यांचा पैसा आधीं घालावा लागतो, साडी विणून होण्यास कित्येक आठवडे, कधीं महिने जातात, आणि तोंवर पोट भरावयाचें असतें. अशा माणसाला दहा घरांनीं निम्मी रक्कम आगाऊ दिली, तर व्याजाशिवाय त्याचा माग चालतो, आणि साडी खपेल कीं नाहीं ही चिंताहि उरत नाहीं. ज्या मालाची नक्कल कौशल्यावांचून होत नाहीं, ज्याला थांबण्यास गिऱ्हाईक तयार असतें, आणि ज्याच्या कर्त्याला लोक नांवानें ओळखतात, तेथें ही पद्धत शोभते. नवा माल खपेल किंवा नाहीं ह्याची पारख करण्यासहि ती चांगली. किकस्टार्टरवर असा नियम आहे कीं, ठरलेली सर्व रक्कम भरली नाहीं तर कोणाचाहि पैसा घेतला जात नाहीं. अशा अपयशानें मन खट्टू होतें खरें, परंतु न खपणारा माल करून कर्जांत बुडण्यापेक्षां तें स्वस्त पडतें. उलट, रोजची उधारी भागविण्यासाठीं, जुनें कर्ज फेडण्यासाठीं, किंवा आधींच खंगलेला धंदा सांवरण्यासाठीं लोकांपुढें जाणें हें लोकांवर अन्याय करणारें व स्वतःची उरलीसुरली पत घालविणारें आहे.

ह्या विचारांत भिशीचें स्थान मोठें उद्बोधक आहे. भिशी हीहि अनेकांच्या अल्प रकमांची मोठी रक्कम करण्याचीच युक्ति होय, आणि धंदेवाला तिला भीत नाहीं. कां, तर भिशींतला प्रत्येकजण दुसऱ्याला ओळखतो, प्रत्येकजण देणाराहि असतो व घेणाराहि असतो, आणि मागणें ही तेथें लाज नसून पाळी असते. नव्या पद्धतीनें धंदेवाल्याचें मन जिंकावयाचें असेल, तर तिला हेच तीन गुण अंगीं आणावे लागतील: ओळख, परस्परता आणि मागणाराची प्रतिष्ठा. संकेतस्थळाच्या झगझगीत पानानें हे गुण येत नाहींत. वर्षानुवर्षें चोख माल देणाऱ्या दुकानाभोंवतीं ते आपोआप जमलेले असतात. तेथूनच आरंभ करावा लागतो. अशा दुकानदारानें यंत्राच्या निम्म्या किंमतीला बँकेचें कर्ज, थोडी स्वतःची पुंजी आणि उरलेल्या भागाला जुन्या गिऱ्हाइकांची आगाऊ मागणी, अशी वांटणी केली, तर एकाच खांबावर सर्व भार पडत नाहीं.

ह्या व्यवहाराला दुसरी बाजूहि आहे, आणि ती शहरांतील सुशिक्षित कुटुंबांची आहे. कारण पैसे देणारे बहुधा तेच असतात. त्यांनीं पैसे देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: हें दान आहे, आगाऊ खरेदी आहे, कर्ज आहे, कीं भाग? दान असेल तर विसरून जावें. खरेदी असेल तर उशीर गृहीत धरावा. कर्ज असेल तर मधली संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि बुडालें तरी संसार अडणार नाहीं इतकीच रक्कम द्यावी. भाग म्हणून कोणी कांहीं देऊं करीत असेल, तर कायद्याचा आधार दाखविण्यास सांगावें. आणि कोणी ठराविक दराची हमी देऊं लागला, तर नमस्कार करून उठावें. देणारा इतका चोखंदळ झाला, म्हणजे प्रामाणिक धंदेवाल्यालाहि मागण्याचें धैर्य येईल. कारण त्याचा संकोच पुष्कळ अंशीं अप्रामाणिक लोकांच्या पंगतीला बसावें लागेल ह्या भीतीचाच असतो. तळेगांवच्या काचभट्टीसाठीं पैसा देणाऱ्याला आपला पैसा कोठें जातो तें ठाऊक होतें. रक्कम एक पैसा असो कीं पांचशे रुपये, एवढी खात्री त्याला देतां आली, तरच लोकवर्गणीला भांडवलाचें मोल येतें.